पाणी बघून ठरवू : म्हादईवरचा सात दिवसांचा राफ्टिंग कार्यक्रम

गोव्यातल्या म्हादई नदीवर राफ्टिंग म्हटलं की बहुतेकांना अर्ध्या दिवसाची फेरी आठवते. वाळपईला जमायचं, लाइफ जॅकेट आणि हेल्मेट चढवायचं, उस्त्याला पाण्यात उतरायचं आणि साधारण १० किलोमीटरवर सोनाळला बाहेर पडायचं. गोवा पर्यटन विकास महामंडळामार्फत पावसाळ्यात मिळणारी ही फेरी चांगली आहे. नदीची तोंडओळख हवी असेल तर तेवढी पुरते. इथे लिहितोय ते त्याच नदीवर बेतलेल्या सहा रात्री-सात दिवसांच्या कार्यक्रमाबद्दल. मुक्काम वाळपईजवळ, रोज पाण्यावर चार-पाच तास, सुरुवातीचे दिवस राफ्टमध्ये आणि पुढचे फुगवायच्या कयाकमध्ये, जिला सगळे ‘डकी’ म्हणतात. चालवणाऱ्यांचं नाव दिलेलं नाही. खाली तपासायच्या ज्या गोष्टी आहेत त्या सत्तरी तालुक्यात (वाळपई याच तालुक्यात) हा धंदा करणाऱ्या कुणालाही विचारता येतील.

आधी नदी. म्हादई खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात उगवते, घाट उतरून सत्तरीत येते आणि पुढे मांडवी म्हणून पणजीला समुद्राला मिळते. राफ्टिंगच्या टप्प्याच्या वर मुख्य प्रवाहावर धरण नाही. अंजुणे धरण वाळवंटीच्या खोऱ्यातलं, ते पाणी खूप खाली येऊन मिळतं. दांडेलीकडच्या काळी नदीवर गणेशगुडीहून निघणारी राफ्ट सुपा धरणाच्या सोडलेल्या पाण्यावर चालते. कोलाडला कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सुटतं आणि त्याच पाण्याच्या मागोमाग राफ्ट सुटतात. तिथे वेळापत्रक असतं, पाण्याची उंचीही जवळपास ठरलेली. म्हादईचं सगळं पावसावर. काल गुडघाभर खळाळ होता तिथे आज राफ्ट झाकणारी लाट उभी असते, आणि परवा तिथेच उघडे खडक. म्हादई जललवादाने २०१८ मध्ये तीन राज्यांत पाणी वाटून दिलं, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट). वरचं पाणी वळवण्याचं काम पुढे सरकलं तर हा टप्पा आजसारखा राहील का, याची काळजी सत्तरीत प्रत्येक गाइडला आहे आणि ती रास्त आहे.

म्हणून एका दिवसात ही नदी कळत नाही. एका दिवसात पाण्याची एकच उंची बघायला मिळते. सात दिवसांत बहुधा तीन-चार मिळतात आणि एकच रॅपिड, म्हणजे खडकांतला जोराचा खळाळ, प्रत्येक उंचीला कशी वेगळी वागते ते समजतं. पैसे द्यायचे ते यासाठी. आणि याच कारणाने कार्यक्रमाची खरी परीक्षा म्हणजे ‘आज नाही’ म्हणायची गाइडची तयारी.

पाण्याची पातळी बघण्याची इथली पद्धत साधी आणि पक्की आहे. उतरायच्या जागी पुलाच्या खांबावर रंगाच्या खुणा आहेत. सकाळी पोचल्यावर पहिली नोंद, राफ्ट फुगवून होईपर्यंत अर्ध्या तासाने दुसरी. शिवाय काठावर पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवतात. अर्ध्या तासात पाणी वीतभर चढलं तर त्या दिवशी उतरत नाहीत. आकाश बघून निर्णय घ्यायचा नाही हे पहिल्याच सकाळी सांगितलं जातं, कारण उस्त्याला ऊन असताना चोर्ल्याच्या किंवा खानापूरच्या बाजूला ढग कोसळत असू शकतो आणि ते पाणी काही तासांनी खाली पोचतं. लोंढा येण्याआधीच्या खुणा शिकवतात: पाण्याचा रंग चहासारखा होणं, पालापाचोळा आणि वाळक्या काटक्या एकदम वाढणं, काठाच्या शांत पाण्यात फेस फिरायला लागणं, काठावरचे कोरडे दगड एकेक करून बुडणं. हे नदीत असताना दिसलं तर पुढच्या सोयीच्या जागी बाहेर पडायचं. गाडी कुठे बोलवायची ते आधीच ठरलेलं असतं. अशा बाहेर पडायच्या मधल्या जागा किती आहेत, हा बुकिंग करताना विचारण्यासारखा प्रश्न आहे. उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरीकडे बघा.

मध्यम पाण्यात हा टप्पा श्रेणी दोन ते तीनचा. आंतरराष्ट्रीय मोजपट्टी एक ते सहाची; तीन म्हणजे अनियमित मोठ्या लाटा, वळणं घ्यावी लागतील असे खडक, पण नवशिक्याला चांगल्या गाइडबरोबर झेपेल असं. पण श्रेणी खडकाला चिकटलेली नसते, पाण्याबरोबर बदलते. पाणी कमी असताना खडक वर येतात आणि राफ्ट आडवी होऊन अडकते. पाणी खूप झालं की कितीतरी होल (खडकावरून पडून उलटं फिरणाऱ्या पाण्याच्या जागा) बुजून जातात, वरून नदी सोपी दिसते, आणि तिथेच लोक फसतात. खडकामागचं थांबायचं शांत पाणी, ज्याला एडी म्हणतात, नाहीसं होतं. दोन रॅपिडमधलं अंतर संपतं, पडलेल्या माणसाला सावरायला वेळ उरत नाही, आणि पाणी काठावरच्या झाडांत शिरतं. सत्तरीत काठाला बांबूची बेटं आहेत, कुळागरं म्हणजे सुपारीच्या बागा आहेत. पाण्यात झुकलेला बांबू गाळणीसारखा वागतो: पाणी आरपार जातं, माणूस अडकतो. या नदीवरचा सर्वात मोठा धोका लाट नसून हाच आहे. धार तिकडे नेतेय असं दिसलं तर पाठीवरचं तरंगणं सोडून पालथं व्हायचं, जोरात पोहून बाजूला निघायचं. चुकवता येणारच नसेल तर डोकं पुढे ठेवून त्याच्याकडे पोहायचं आणि पाय मागे मारत अंग फांदीवर चढवायचं. पाय पुढे ठेवून गेलं तर पाय आधी अडकतात आणि पाणी अंगावर दाबून बसतं.

दुसरा धोका बंधाऱ्यांचा. गोव्यात नद्यांवर लहान बंधारे जागोजागी आहेत. पावसाळ्यात फळ्या काढलेल्या असल्या तरी खांब राहतात, आणि भरल्या पाण्यात सलग भिंतीवरून पडणारं पाणी खाली उलटं फिरतं. निसर्गातल्या होलला कुठेतरी फट असते, बंधाऱ्याखालच्या भोवऱ्याला नसते. त्यामुळे बंधारा आला की बोटी खांद्यावर घेऊन काठाने जायचं, मग पाणी कितीही सोपं दिसो. या कार्यक्रमात हा नियम पाळतात.

पहिला दिवस संथ पाण्यात जातो आणि काहींना तो कंटाळवाणा वाटतो. वाटू दे, सगळ्यात महत्त्वाचा दिवस तोच. लाइफ जॅकेट घालून धारेत पोहणं: पाठीवर, पाय खालच्या अंगाला (पाणी वाहत जातं त्या बाजूला), बोटं पाण्याबाहेर दिसतील असे. गुडघ्याच्या वर पाणी असताना उभं राहायचं नाही, हे दहा वेळा सांगतात. पाय दोन दगडांत अडकला की धार माणसाला पुढे आडवं पाडते आणि गुडघाभर पाण्यातही श्वास बंद होतो. मग पॅडल. बाहेरचा हात खाली पात्याजवळ, आतला हात टी-मुठीवर आणि तो कधीच सुटता कामा नये. राफ्टिंगमधल्या दात-ओठांच्या जखमांचं नेहमीचं कारण ही सुटलेली मूठ. जोर दंडातून काढला तर अर्ध्या तासात खांदे भरतात. कंबरेतून पुढे झुकायचं आणि पाठीने ओढायचं. राफ्टच्या बाहेरच्या नळीवर बसायचं, पाऊल आडव्या नळीखाली पुढचा भाग तेवढाच खुपसायचा. घोट्यापर्यंत खुपसलं तर राफ्ट उलटताना पाय मुरगळतो.

कमांड इंग्रजीत असतात: फॉरवर्ड, बॅक, लेफ्ट बॅक, स्टॉप, गेट डाउन. समजावणं हिंदीत, आणि मदतीला असलेली सत्तरीतली मुलं तेच कोकणी-मराठीत सांगतात. मुलं असलेल्या कुटुंबांना याचा फार उपयोग होतो. एका कमांडवर मात्र जास्त वेळ द्यायला हवा होता: हाय साइड. राफ्ट आडवी होऊन खडकाला टेकली की माणूस घाबरून खडकापासून लांब सरकतो. तेव्हा वरच्या अंगाची नळी खाली दबते, पाणी आत शिरतं आणि राफ्ट खडकाभोवती गुंडाळली जाते. करायचं उलट: सगळ्यांनी त्याच क्षणी खडकाच्या बाजूला झेपावायचं. हे मनाला पटत नाही, म्हणून अंगवळणी पाडावं लागतं. इथे दोनदा करून घेतात. जमिनीवर आठ-दहा वेळा, मग पाण्यात, असं हवं.

सामानाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण माहितीपत्रकात फक्त ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचं’ एवढंच असतं. राफ्ट १४ फुटी, तळातून पाणी आपोआप निघून जाणाऱ्या, सहा ते आठ जण आणि गाइड. अवस्था चांगली. सकाळी कोरड्या हवेत नळ्या टणक फुगवल्या तरी गार पाण्यात टाकल्यावर सैल पडतात, म्हणून पाण्यात टाकून पाच मिनिटांनी पुन्हा हवा भरावी लागते. ते रोज होतं. दुपारी ऊन पडलं आणि बोट काठावर असली तर थोडी हवा काढून ठेवतात. हेल्मेट बरोबर बसलं की नाही ते बघायची रीत: पट्टा आवळून हेल्मेट पुढेमागे हलवायचं, कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. लाइफ जॅकेटचे खांदे मागून कुणीतरी वर खेचून बघायचे, जॅकेट हनुवटीपर्यंत आलं तर सैल आहे. एक उणीव इथे आहे: काही जॅकेटांचा फोम बसलेला होता. बोटांनी दाबल्यावर जो फोम परत फुगत नाही, त्यात तरंगवण्याची ताकद कमी झालेली असते. सांगितल्यावर बदलून मिळतात, पण सांगावं लागू नये. वजनदार माणसांनी आणि लहान मुलांनी पहिल्याच दिवशी आपलं माप बाजूला काढून ठेवावं.

थ्रो बॅग, म्हणजे फेकायची दोर भरलेली पिशवी, प्रत्येक बोटीत आहे, दोर तरंगणारा. ती फेकायलाही शिकवतात आणि पकडायलाही, आणि हा भाग या आठवड्यातला सर्वात उत्तम. फेकणाऱ्याने आधी ओरडून नजर मिळवायची, पाय रोवून बसायचं, दोर पोहणाऱ्याच्या छातीवर पडेल असा टाकायचा, हाताला कधीही गुंडाळायचा नाही. पकडणाऱ्याने पिशवी सोडून दोर धरायचा, पाठीवर व्हायचं आणि दोर फेकणाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या खांद्यावरून घ्यायचा. असं केलं की अंग धारेला तिरकं होतं आणि पाणीच माणसाला काठाला आणून सोडतं. अडकलेली राफ्ट ओढायला ३:१ ची, म्हणजे तिप्पट जोर देणारी दोर-कप्पीची मांडणी चौथ्या दिवशी दाखवतात. दोन कप्प्या, दोन प्रुसिक (मुख्य दोराला पकडून ठेवणारे दोरीचे फास) आणि न ताणणारा दोर गाइडकडे असतो. सगळ्यांना ती बांधता येईलच असं नाही, पण ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही एवढं तरी डोक्यात बसतं.

चौथ्या दिवसानंतर डकी. एकट्याची बोट, दोन पात्यांचं वल्हं, बोट आपल्याच हातात. इथे राफ्टमध्ये शिकलेलं सगळं कसाला लागतं. शिकायच्या गोष्टी मोजक्या. नदी ओलांडताना बोटीचं नाक वरच्या अंगाला, धारेशी तिरकं ठेवायचं आणि पुढे वल्हवत राहायचं. पाणी आडवं नेतं. नाक जास्त फिरलं तर बोट गरकन वळून खाली निघते. एडीतून धारेत शिरताना खालच्या अंगाला झुकायचं. वरच्या अंगाला झुकलेला माणूस तिथेच पालथा होतो, आणि डकीच्या पहिल्या दिवशी बहुतेकांचं हेच होतं. पाण्याच्या पृष्ठभागावर इंग्रजी ‘व्ही’चं टोक खाली असेल तर ती मोकळी वाट, टोक वर असेल तर तिथे दगड. कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, खांदा निखळण्याचं कारण तेच. पालथं झाल्यावर डकी सरळ करून पोटावर आत चढणं आधी कोंडीच्या खोल, शांत पाण्यात करून घेतात. ते प्रत्येकाला तीन वेळा जमल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. तीन डकीमागे एक गाइड आणि सगळ्यांच्या पुढे एक सेफ्टी कयाकर, हे प्रमाण योग्य आहे. टणक प्लॅस्टिकच्या कयाकमध्ये रोल (पालथी बोट आत बसूनच सरळ करणं) शिकवतील अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. तो आठवडाभरात विश्वासाने येत नाही आणि इथे तसं आश्वासनही दिलेलं नाही.

सात दिवसांत पाण्यावर पाच दिवस धरावेत. एक दिवस राखीव, पाणी चढलं तर वापरायचा. पाणी चढलं नाही तर त्या दिवशी ‘जंगल भ्रमंती’ असते आणि ती यथातथाच आहे. कार्यक्रमात धबधब्याचा उल्लेख असेल तर नेमका कुठला ते विचारा. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर पर्यटक बुडाल्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली होती. म्हादई अभयारण्यात तर परवानगीशिवाय शिरताच येत नाही. राखीव दिवशी पुन्हा कोंडीत बचावाचा सराव घेतला तर तो कितीतरी जास्त कामाचा.

पाणी चढून दिवस रद्द झाला तर पैसे परत की दुसरी तारीख, हे लेखी घ्या. इथे राखीव दिवसापलीकडे गेलेल्या दिवसाचे पैसे परत मिळतात. ही अट महत्त्वाची आहे, कारण जिथे परतावा नसतो तिथे गिऱ्हाईकच गाइडवर पाण्यात उतरायचा दबाव आणतं. गाइडचं प्रमाणपत्र बघताना ते वाहत्या पाण्यातल्या बचावाचं आहे ना, हे पाहा. समुद्रावरच्या जीवरक्षकाचं किंवा मोटारबोटीचं प्रमाणपत्र चांगलंच, पण नदीचं काम वेगळं. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या साथीने २०१८ मध्ये साहसी पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वं आली, ती आयोजकाने वाचली आहेत का हे दोन प्रश्नांत कळतं. एकटी राफ्ट सोडायची नाही, कमीत कमी दोन बोटी हव्यात; इथे तसंच आहे. प्रथमोपचाराची पेटी कोरड्या डब्यात, बाहेर पडायच्या जागी गाडी उभी. जवळचं सरकारी आरोग्य केंद्र वाळपईला, मोठं काही झालं तर बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय. १०८ लावायला नदीपात्रात फोन लागेलच असं नाही, म्हणून गाडीवाला कुठे थांबतो ते सगळ्यांना ठाऊक हवं.

अंगाची काळजी. पावसाळ्यातलं पाणी बोचरं गार नसतं, वेटसूट लागत नाही. पण सुती कपडे नकोत, ओले राहतात आणि वाऱ्यात हुडहुडी भरते. पायात बोटं झाकणारे, घट्ट बांधता येणारे बूट. चपला पहिल्या रॅपिडमध्ये जातात. चष्म्याला दोरी. तिसऱ्या दिवसापासून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तेव्हा संध्याकाळी पाय धुऊन, पूर्ण कोरडे करून पावडर लावायची आणि रात्री मोजे घालायचे नाहीत. जळवा काठावर असतात. नखाने कडेने सरकवून काढायच्या, ओढायच्या किंवा चटका द्यायच्या नाहीत. जखम उघडी असेल तर पाण्यात उतरू नका, गढूळ पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका खरा आहे. घरी गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर ‘नदीत होतो’ हे डॉक्टरांना आधी सांगा. जाण्याआधी प्रतिबंधक गोळी घ्यायची का, तेही डॉक्टरांनाच विचारा.

राहणं साधं, स्वच्छ. छप्पर गळत नाही, पण ओले कपडे वाळत नाहीत, त्यामुळे दोन जोड पुरतात हा सल्ला ऐकू नका, तीन आणा. बाहेर पडायच्या जागी बायकांना कपडे बदलायला नुसता पडदा लावलेला, तोही वाऱ्यात उडणारा. एवढे पैसे घेऊन हे चालणार नाही. जेवण मात्र मनापासून आवडण्यासारखं. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं, पाण्यात उतरण्याआधी यासारखं हलकं आणि टिकणारं दुसरं काही नाही. रात्री तायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी, हुमण म्हणजे माशाची आमटी, भात.

जायची वेळ. जूनच्या सुरुवातीला नदीला पुरेसं पाणी नसतं आणि सप्टेंबर सरता सरता ते उतरतं. जुलैचा मध्य ते ऑगस्ट हा भरीचा काळ, रद्द होणारे दिवसही तेव्हाच जास्त. पहिल्यांदा येणाऱ्याने ऑगस्टचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबरचा पूर्वार्ध घ्यावा. मात्र चवथ कधी आहे ते बघूनच तारीख ठरवा. चवथीच्या दिवसांत सत्तरीतली मुलं आपापल्या घरी गणपतीला असतात, बोटी उचलायला आणि गाडी चालवायला माणसं कमी पडतात, आणि माणसं कमी असताना या नदीवर जायचं नाही. पणजीहून वाळपईला कदंबची बस मिळते. रेल्वेने येणाऱ्यांनी थिवीला उतरावं. बेळगावकडून चोर्ला घाटाने येणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी रस्ता चालू आहे का ते विचारा, पावसात तिथे दरडी येतात.